बक्षिसाच्या वादात हरवलेला व्यायाम

पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 2024 साली भारताने 7 सुवर्णांसह 29 पदके मिळवली, आणि तेव्हापासून आपल्याकडे एक वाद अधूनमधून डोके वर काढतो: पॅरालिम्पिकच्या पदकाला ऑलिम्पिकच्या पदकाएवढेच बक्षीस द्यावे का? एक बाजू म्हणते, पदक ते पदक, त्यात डावे-उजवे कसले. दुसरी म्हणते, पॅरा स्पर्धांत अपंगत्वानुसार पाडलेले गट पुष्कळ आणि एकेका गटात स्पर्धक मोजके, तेव्हा दोन्हींची बरोबरी करणे योग्य नाही. बक्षीस सारखेच असावे असे माझे मत आहे, कारण दोघांनीही आपापल्या गटात जगातल्या सर्वोत्तमांशी झुंज दिलेली असते. पण हा वाद ज्या रीतीने चालतो ती मला चुकीची वाटते. विजयमंचावर उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या हातात किती रक्कम ठेवायची यावर आपण तावातावाने बोलतो. अपघातात पाठीचा कणा मोडलेला, पाय गमावलेला किंवा जन्मापासून स्नायू ताठर असलेला मुलगा त्या मंचाच्या वाटेला लागतो तेव्हा त्याचा व्यायाम कोण आखतो, आणि आखणाऱ्याला त्या शरीराची कितपत माहिती असते, हे कोणी विचारत नाही. शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूचा व्यायाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, तो जाणणारा माणूस आपल्या जिल्ह्यात असणे हा त्या खेळाडूचा हक्क आहे, आणि तो हक्क मिळेपर्यंत समानतेची सगळी चर्चा अर्धवट राहते, असे मला मांडायचे आहे.

यावर पहिला आक्षेप खुद्द खेळाडूंकडून येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, आयुष्यभर आम्हाला रुग्ण म्हणून वागवले गेले; मैदानावर तरी आम्हाला खेळाडू समजा, इतरांना जे करायला लावता तेच आम्हालाही करायला लावा. या मागणीमागचा स्वाभिमान कोणालाही मान्य व्हावा असाच आहे. परंतु इतरांसारखे वागवणे याचा अर्थ इतरांचाच व्यायाम गिरवायला लावणे, असा कधीपासून झाला? कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत वस्ताद सगळ्या पठ्ठ्यांना एकाच मापाने जोर-बैठका घालायला लावत नाही. कोणाची कंबर कच्ची, कोणाचा गुडघा दुखरा, कोणाचे वजन कमी, हे पाहून तो मेहनत आणि खुराक ठरवतो, आणि त्यामुळे कोणत्याही मल्लाला आपला अपमान झाला असे वाटत नाही. पॅरा खेळाडूच्या बाबतीत मात्र शरीर पाहून मेहनत ठरवण्याचा हा साधा नियमच आपण विसरतो. बहुतेक वेळा त्याला एक तर धडधाकट खेळाडूचा तक्ता जसाच्या तसा दिला जातो, नाहीतर ‘जमेल तेवढे कर’ असे सांगून बाजूला बसवले जाते. या दोन्ही वागण्यांत त्याच्या शरीराकडे नीट पाहिलेले नसते.

ते पाहिले तर काय दिसते? मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेला खेळाडू घेऊ. हृदयाची गती वाढवणाऱ्या मज्जातंतूंना छातीच्या वरच्या मणक्यांतून वाट मिळते; इजा त्यांच्याही वर असेल, तर मेंदूचा निरोप खाली पोचतच नाही. अशा खेळाडूने जिवाच्या आकांताने जोर लावला तरी त्याचे ठोके मिनिटाला 110 ते 130 च्या आसपासच अडतात. व्यायामशाळेच्या भिंतीवर लावलेले, ठोक्यांची कमाल मर्यादा सांगणारे ‘220 वजा वय’ हे सूत्र त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. ते लावणारा प्रशिक्षक एक तर त्याला आळशी ठरवील, नाहीतर अशक्य आकड्यामागे धावायला लावून थकवून टाकील. येथे ‘किती दमलास ते दहापैकी सांग’ अशी मोजपट्टीच अधिक भरवशाची. याच खेळाडूला इजेच्या पातळीखाली घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे उन्हात त्याचे शरीर भरभर तापते आणि नुसते पाणी पिऊन ते उतरत नाही. अंगावर पाण्याचा फवारा मारणे, मानेभोवती ओले कापड ठेवणे, सराव सकाळी लवकर संपवणे, हे उपाय साधेच आहेत. पण मे महिन्यातल्या जळगावात किंवा चंद्रपुरात ते ठाऊक नसलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करणे धोक्याचे आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या पातळीवर इजा असेल तर लघवीची पिशवी भरणे, कॅथेटरची, म्हणजे लघवी काढण्याची, नळी दुमडणे, खुर्चीचा पट्टा फार आवळला जाणे एवढ्याशा कारणानेही रक्तदाब एकाएकी भयंकर चढू शकतो. डोके घणघणायला लागते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम सुटतो. खेळाडूला त्रास होताना दिसला की त्याला आडवे करायचे, ही आपली सर्वांची सवय. येथे तीच घात करते, कारण आडवे केल्याने डोक्याकडचा दाब आणखी वाढतो. त्याला सरळ बसवायचे, पट्टे सैल करायचे, नळी आणि पिशवी तपासायची, आणि दाब उतरला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठायचे. दाब चढला की अंगात तात्पुरता जोर येतो, म्हणून काही स्पर्धकांनी तो मुद्दाम चढवून घेण्याचेही प्रकार केले आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीला त्यावर बंदी घालावी लागली. जागतिक पातळीवर ज्यासाठी नियम करावे लागले, त्याविषयी आपल्या तालुका क्रीडा संकुलातल्या किती जणांनी ऐकलेले असेल?

बसून गोळा फेकणाऱ्या खेळाडूचा सराव जवळून पाहिला तर हे सारे प्रश्न एका जागी दिसतात. लोखंडी फेक-खुर्ची जमिनीत साखळ्यांनी चार बाजूंना घट्ट बांधावी लागते, कारण ती बोटभर हलली तरी फेकीचा जोर तिच्यात जिरतो. गादीसकट बैठकीची उंची 75 सेंटिमीटरच्या वर जाऊन चालत नाही, म्हणून गादी पातळ ठेवण्याचा मोह होतो. मांड्यांवर, पोटऱ्यांवर पट्टे आवळले जातात. ज्याला कमरेखाली संवेदना नाही, त्याला पट्टा कातडीत रुतला आहे किंवा शिवणीची गाठ बैठकीखाली टोचते आहे हे कळतच नाही. दोन तासांचा सराव संपतो, सगळे खुशीत असतात, आणि रात्री घरी कोणीतरी आरशात पाहिले तर बैठकीच्या हाडावर लालसर चट्टा दिसतो. तो बोटाने दाबूनही पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झालेली आहे. तेव्हाच आठवडाभर त्या जागेवरचा भार काढला तर तो बरा होतो. दुर्लक्ष झाले तर महिनेच्या महिने पालथे पडून राहण्याची पाळी येते आणि हंगाम हातचा जातो. दर पाव-अर्ध्या तासाला हातांवर जोर देऊन बूड उचलायचे आणि सरावानंतर कातडी तपासायची, एवढी शिस्त प्रशिक्षकाने लावली तर हे टळते. पुन्हा तोच खांदा गोळा फेकतो, तोच व्हीलचेअर ढकलतो, तोच पलंगावरून खुर्चीत उतरताना सगळे अंग तोलतो. म्हणून अशा खेळाडूला ‘दोन आठवडे खांद्याला विश्रांती दे’ असे सांगणे म्हणजे दोन आठवडे अंथरुणात राहा असे सांगणे आहे. त्याचा खांदा दुखावल्यानंतर काय करायचे यापेक्षा तो दुखावू नये म्हणून पाठीच्या बाजूचे, खांदे मागे ओढणारे स्नायू पहिल्या दिवसापासून बळकट करणे, हाच मार्ग उरतो.

आता दुसरा आक्षेप. इतके धोके एका दमात सांगितले तर व्यायामशाळेचा मालक दारातूनच हात जोडेल आणि आईवडील मुलाला घराबाहेर सोडणार नाहीत, अशी भीती कोणी व्यक्त केली तर ती अनाठायी नाही. वैद्यकीय काळजीचे निमित्त करून माणसांना मैदानाबाहेर ठेवल्याचा इतिहास जुना आहे. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची 800 मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राडके यांनी विश्वविक्रमासह ती जिंकली. वर्तमानपत्रांनी मात्र धावपटू मैदानावर कोसळल्याची रसभरित वर्णने छापली, स्त्रीच्या शरीराला इतके अंतर झेपत नाही असा निवाडा झाला आणि ती शर्यत 1960 पर्यंत ऑलिम्पिकमधून बाद झाली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलेला, असलेल्या मुलांच्या बाबतीतही असेच घडले. वजने उचलली तर स्नायूंचा ताठरपणा वाढेल, या समजुतीने कित्येक दशके त्यांना ताकदीच्या व्यायामापासून दूर ठेवले गेले. 1990 च्या दशकापासूनच्या संशोधनाने ही भीती निराधार ठरवली. परंतु या दोन्ही उदाहरणांत दोष कशाचा होता? माणसे शरीराविषयी फार जाणत होती म्हणून तर त्यांनी दारे बंद केली नाहीत. ती अंदाजाने बोलत होती, आणि मोजमाप सुरू झाले तेव्हाच दारे उघडली. आजचा व्यायामशाळेचा मालक व्हीलचेअर पाहून ‘उगाच काही झाले तर’ म्हणतो, तेही त्याला काय होऊ शकते आणि झाले तर काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या शारीरिक हालचालींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत अपंग व्यक्तींना प्रथमच स्वतंत्र स्थान दिले आणि प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम स्वरूपाच्या 150 ते 300 मिनिटांच्या हालचालीचीच शिफारस केली, म्हणजे इतर प्रौढांना केली तेवढीच. अपेक्षा कमी केलेली नाही. वाट शरीराप्रमाणे आखायला सांगितले आहे.

रुग्ण की खेळाडू, हा झगडाच मुळात खोटा आहे हे पॅरालिम्पिकच्या जन्मकथेवरूनही दिसते. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे 1944 मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग हाती घेतला, तेव्हा असे रुग्ण फार दिवस जगत नसत. दाबाने होणाऱ्या जखमा आणि लघवीचा संसर्ग त्यांना संपवत असे. गुटमन यांनी आधी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची आणि मूत्राशयाची निगा राखण्याची शिस्त बसवली. त्या शिस्तीने जगलेल्या माणसांच्या हातात त्यांनी धनुष्यबाण दिले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, 16 जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि तिच्यातून 1960 चे रोम, म्हणजे पहिले पॅरालिम्पिक, उभे राहिले, स्त्रियांची 800 मीटरची शर्यत ज्या रोममध्ये परतली तेच रोम. कातडी आणि लघवीची काळजी घेणारा डॉक्टर आणि खेळाडू घडवणारा प्रशिक्षक येथे एकच माणूस होता.

तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो वरवर बिनतोड वाटतो. रिओमध्ये 4 पदके, टोकियोमध्ये 19, पॅरिसमध्ये 29. व्यवस्था नसताना ही चढती कमान असेल, तर जिद्द पुरेशी आहे असेच सिद्ध होत नाही का? या खेळाडूंच्या जिद्दीपुढे नतमस्तक होऊनही मला हे पटत नाही. आपण मोजतो ते पोचलेल्यांना. खांदा फाटून, जखम चिघळून, मूत्रपिंडाला संसर्ग होऊन वाटेत थांबलेल्यांची नोंद कुठे असते? आणि पदके कुठे येतात तेही पाहावे. पॅरिसमधल्या 29 पैकी 17 ॲथलेटिक्समधली, उरलेली बॅडमिंटन, नेमबाजी, तिरंदाजी आणि ज्युदोमधली. पोहण्यात एकही नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, लष्करी रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. पोहण्यात भारताला मिळालेले ते आजवरचे एकमेव पॅरालिम्पिक पदक आहे. त्याच सांगलीतल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी यांनी पॅरिसमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणले, तेव्हा मधली 52 वर्षे आपण काय केले हा प्रश्न मला सलत राहिला. मधल्या काळात देशात बुद्धी, ताकद आणि पाणी यांपैकी काहीही आटलेले नव्हते. पेटकरांना सैन्यात त्यांचे शरीर समजणारे लोक भेटले. गावातल्या मुलाला तलावाच्या पायऱ्यांपाशीच थांबावे लागते, आणि कोणी उचलून पाण्यात सोडलेच तर थंड पाण्याने स्नायू आखडतात तेव्हा काय करायचे हे काठावर कोणाला ठाऊक नसते.

जिथे ज्ञान एका जागी साठते तिथे काय होते, याचे उदाहरणही पॅरिसनेच दिले. क्लब थ्रोच्या, म्हणजे मुद्गलासारखा लाकडी क्लब फेकण्याच्या खेळाच्या, एफ-51 गटात, म्हणजे मानेच्या इजेमुळे बोटांची पकडसुद्धा दुबळी असलेल्या खेळाडूंच्या गटात, धरमबीर यांना सुवर्ण आणि प्रणव सूरमा यांना रौप्य मिळाले. दोघेही हरियाणाचे. धरमबीर यांचे गुरू अमित सरोहा त्याच अपंगत्वाचे, त्याच अंतिम फेरीत खेळलेले. पकड नसलेल्या हाताला क्लब कसा धरवायचा, दिवसातून किती फेकी सोसतात, धड तोलता येत नसताना जोर कुठून काढायचा, हे सरोहांनी स्वतःच्या शरीरावर शिकून पुढच्याला दिले. हे मोलाचे आहे. पण एखाद्या जिल्ह्याचे भाग्य तिथे असा गुरू जन्मला की नाही यावर किती काळ सोडायचे? शिवाय पॅरा खेळाडूंची पिढीही बदलते आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये आढळला. पोलिओ झालेल्या खेळाडूंची पिढी आता वयाने पुढे सरकली आहे आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या वर्षानुवर्षे राबलेल्या स्नायूंना नव्याने थकवा जाणवतो. त्यांच्यामागून येणारी मुले दुचाकीच्या अपघातातली, विजेच्या धक्क्याने हात गमावलेली, झाडावरून किंवा बांधकामावरून पडून कणा मोडलेली आहेत. या शरीरांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि पोलिओच्या काळात जमलेला अनुभव त्यांना पुरणारा नाही.

उरला खर्चाचा मुद्दा. संख्या थोडी, पैसा तोकडा, शाळांना मैदाने नाहीत तिथे हे चोचले कोठून परवडणार, असे म्हणणाऱ्यांना मी एका वेगळ्या ऑलिम्पिकची आठवण देईन. 1968 ची स्पर्धा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीला ठरली आणि विरळ हवेत शरीराचे काय होते हा प्रश्न जगभरच्या क्रीडातज्ज्ञांपुढे आला. फ्रान्सने पिरेनीज पर्वतात फाँ-रोमू येथे खास केंद्र बांधले, अमेरिकेने डोंगरात धावपट्टी घातली, डॉक्टर आणि प्रशिक्षक वर्षानुवर्षे एकत्र बसले. त्याला कोणी सवलत किंवा दया म्हटले नाही, कारण परिस्थिती वेगळी असेल तर सराव वेगळा असणार हे सर्वांना स्वाभाविक वाटले. तीच वेगळी परिस्थिती बाहेरच्या हवेत नसून खेळाडूच्या शरीरात असली की आपल्याला ती अवास्तव मागणी का वाटते? आणि मागणी खरोखर किती आहे? महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यात एक क्रीडा प्रशिक्षक आणि एक फिजिओथेरपिस्ट या शास्त्रात तयार करायचे म्हटले तर 72 माणसे होतात, आणि 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातली अपंगांची संख्या 29 लाखांच्या वर आहे. साहित्यातही धावण्याचे कृत्रिम पाते किंवा शर्यतीची व्हीलचेअर महाग आहे हे मान्य. पण पाण्याचा फवारा, चांगली गादी, मूठ धरू न शकणाऱ्या हातासाठी चामड्याचा पट्टा आणि हूक, जमिनीत पक्क्या केलेल्या चार लोखंडी कड्या, यांना किती पैसे लागतात?

या यादीत मी सर्वांत वर स्वच्छतागृहाचे दार ठेवीन. स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नसेल तर खेळाडू त्यावर एकच उपाय करतात: सकाळपासून पाणी पिणे बंद. आधीच ज्यांचे शरीर उन्हात लवकर तापते, ज्यांना कॅथेटरमुळे लघवीचा संसर्ग सहज होतो, तेच नेमके तहानलेले राहून सराव करतात, आणि मुलींच्या वाट्याला हे अधिक येते. संसर्गाचा ताप आला की आठवडाभर सराव बंद. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, याच्यात सातत्य नाही. दार व्हीलचेअर आत जाईल एवढे रुंद केल्याने जे साधेल ते कोणत्याही प्रेरणादायी भाषणाने साधणार नाही, आणि तरीही मैदानांवर भाषणेच अधिक होतात याचे मला मनापासून दुःख आहे.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 30 मध्ये क्रीडाविषयक अभ्यासक्रम आणि कार्यक्रम अपंगांना सामावून घेतील अशा रीतीने नव्याने आखण्याची, मैदाने आणि सुविधा त्यानुसार बदलण्याची आणि प्रशिक्षणाच्या सुविधांसाठी निधी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ज्ञानही दूर कुठे नाही. एकट्या पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला कमरेखालून लुळ्या झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे, तिथेच सैन्याचे पॅरालिम्पिक प्रशिक्षण केंद्र आहे. सुरुंगस्फोटात पाय गमावलेले आणि पॅरिसमध्ये गोळाफेकीचे कांस्य मिळवणारे होकाटो सेमा याच लष्करी व्यवस्थेतून घडले, आणि बालेवाडीचे क्रीडा संकुल तेथून काही किलोमीटरवर आहे. या संस्थांच्या अंगणात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांना तीन-चार आठवडे आणून बसवावे, शिकवायला डॉक्टरांबरोबर स्वतः खेळलेले पॅरा खेळाडू असावेत, आणि ते प्रमाणपत्र असल्याशिवाय जिल्हा क्रीडा संकुलात पॅरा खेळाडूंच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाकडे देऊ नये. आणखी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालात पदकांच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना घालावा: वर्षभरात किती पॅरा खेळाडूंनी सराव सोडला, आणि खांदा, जखम, संसर्ग, ऊन की स्वच्छतागृह, यांपैकी कोणत्या कारणाने. बक्षिसाच्या रकमेवर विधानसभेत चर्चा होईल तेव्हा तो रकानाही सभागृहापुढे ठेवला जावा.